मडकं परत करायचं नसतं

शीताओ, ९ नोव्हेंबर १९८६

प्रिय चियाओयुन,

तुझं पत्र कधीचं येऊन पडलंय. उत्तर लिहायला बसले की शेगडीवर काहीतरी उतू जातं, म्हणून राहून गेलं. राग मानू नकोस.

यांच्या पायांची सूज अजून उतरलेली नाही. हातपाय गार, गुडघ्यांवर दोन रजया, तरी 'गारठलो गं' चालूच. दर आठवड्याला यांना धरून गल्लीच्या टोकाला न्यायचं आणि औयांग वैद्यांच्या बाकावर बसवायचं, हा माझा ठरलेला नेम. वैद्य डोळे मिटून आधी एका मनगटावर, मग दुसऱ्या मनगटावर तीन बोटं ठेवतात, जीभ बघतात, आणि चिठ्ठीतलं एखादं औषध काढून दुसरं घालतात. या वेळी सुंठ वाढवली, बचनाग तसाच ठेवला. मी म्हटलं, "वैद्यकाका, मागचीच चिठ्ठी चालली असती की. पुन्हा कशाला डोकं शिणवता?" तर म्हणाले, "मागच्या आठवड्यातला देशुन आता कुठे आहे? हा वेगळा माणूस आलाय." मला तर तोच दिसतो. तसाच कुरकुरणारा.

बचनाग आधी एकटा भरपूर शिजवायचा, मग बाकीच्या मुळ्या नि साली टाकायच्या. पहिलं पाणी काढायचं, पुन्हा पाणी घालून दुसरं काढायचं, दोन्ही एकत्र करून सकाळ-संध्याकाळ पाजायचं. ते पिताना हे माझ्याकडे असे बघतात की जणू मीच त्यांना विष देते आहे. दिवस शेगडीपाशीच जातो. कंटाळा येतो गं, पण सांगणार कुणाला.

जाता जाता एक. सासूबाईंचं ते काढ्याचं मडकं तुझ्याकडे आहे. तुमच्या गिरणीच्या ट्रकवरचा लू ड्रायव्हर अधूनमधून इकडे येतो, त्याच्याबरोबर पाठवून दे. घाई नाही.

तुझी,
चुनहे

•

नानचांग, २३ नोव्हेंबर १९८६

ती. जाऊबाईंना नमस्कार.

भाऊजींची तब्येत वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या पत्राचा शेवट वाचला आणि मी पत्र खाली ठेवलं, मग उचलून पुन्हा वाचलं. काढ्याचं मडकं ट्रकने पाठवून दे, असं तुम्ही लिहिता? तुम्ही?

तुमच्या दिराला, देआनला, औयांग वैद्यांना दाखवायला आणलं होतं, तेव्हा ते मडकं माझ्या हातात देऊन तुम्हीच मला बजावलं होतं. हे परत करायचं नसतं, परत करणारा मडक्याबरोबर दुखणं पाठवतो. ज्याचं असेल त्याला गरज लागली तर तो स्वतः येऊन घेऊन जातो, आणि कधीच न्यायला आला नाही तर त्याच्यासारखा सुखी कोण. आता मी तेच मडकं सुताच्या गठ्ठ्यांत खुपसून तुमच्या घरी दुखणं रवाना करू म्हणता.

दुसरं असं की भाऊजींचं मडकं तुमच्या घरात आहेच, शेजारच्या के काकूंकडून आणलेलं. एका घरात दुसरं मडकं लागतं कधी? दुसरं माणूस आजारी पडलं की. घरात तुम्ही दोघंच. मग हे दुसरं कुणासाठी? आडवळणं नकोत, सरळ लिहा.

इथे सगळं नेहमीसारखं. लेक लिंग सासरी जिउजियांगला सुखात आहे. आईला पत्र लिहायला तिला फुरसत नाही, यावरूनच कळतं. गिरणीत नवे माग आलेत, ते जुन्यांपेक्षा मोठ्याने ओरडतात. पाळी संपवून खोलीवर आले की कानात तेच घुमत राहतं. भात टाकायचासुद्धा जीव होत नाही, सकाळचाच गरम पाण्यात कालवून खारवलेल्या मोहरीच्या पाल्याबरोबर खाते.

मडकं सापडायला वेळ लागेल. कपाटावर सामान फार आहे.

तुमची,
चियाओयुन

•

शीताओ, १४ डिसेंबर १९८६

प्रिय चियाओयुन,

एवढं रामायण करायला मी काय मागितलं तुझ्याकडे? एक मातीचं मडकं. गिरणीत सूत कातता कातता तू माणसांच्याही बोलण्याचं सूत काढायला शिकलीस.

खरं सांगू? मडकं कोंबड्यांसाठी हवं होतं. दोन कोंबड्या मान टाकून बसल्यात, त्यांना लसणाचं पाणी उकळून द्यावं म्हटलं. यांच्या मडक्यात कोंबड्यांचं औषध केलं तर हे माझ्याशी आठवडाभर बोलणार नाहीत. तसे बोलले नाहीत तर मला विसावाच आहे म्हणा.

इकडे थंडी पडली. शेगडीच्या धगीने परवा नाकातून जरा रक्त आलं, तर यांनी घर डोक्यावर घेतलं. काही नाही गं, कोरडी हवा आहे. तोंडही आलंय. झोप हल्ली कमीच लागते. वय झालं की झोपेलाही माणसाचा कंटाळा येत असेल.

एक गंमत सांगते. के काकू खास दारात येऊन माझं अभिनंदन करून गेल्या. "देशुन बरा झाला वाटतं. चव्हाट्यावर तुमच्या काढ्याचा चोथा दिसत नाही हल्ली." मी म्हटलं, "हो, बरं आहे." काय सांगत बसणार? तेव्हापासून गल्लीत यांची चौकशी करायचं सगळ्यांनी सोडून दिलंय. एका परीने बरंच झालं, तीच ती उत्तरं देऊन माझी जीभ झिजत होती.

जानेवारीच्या शेवटी नवीन वर्षाचा सण आहे, येणार आहेस का? येणार असशील तर आधी कळव, म्हणजे वाफवायचं डुकराचं मांस बाजारातून वेळेत आणते.

तुझी,
चुनहे

•

नानचांग, ५ जानेवारी १९८७

ती. जाऊबाईंना नमस्कार.

कोंबडीची नाडी औयांग वैद्य कुठे बघतात, पायाला की पंखाला, ते कळवा. आणि जीभ बाहेर काढ म्हटल्यावर ती काढते का?

जाऊबाई, मी तुमच्या हाताखाली त्या घरात सून म्हणून वावरले आहे. तुम्ही खोटं बोललात की पत्रात एकदम विनोद सुरू होतात. नाकातून रक्त, तोंड आलेलं, झोप नाही. हे सगळं तुम्ही कोंबड्यांच्या मागे लपवलंत.

आणि चोथ्याचं काय? के काकूंना आनंद झाला, मला नाही. भाऊजी बरे नाहीत, काढा रोज उकळतोय, मग चोथा जातो कुठे? तो चव्हाट्यावर टाकायचा असतो, चार पावलांनी तुडवला की दुखणं त्या पावलांबरोबर आपल्या दारातून बाहेर पडतं. सासूबाईंच्या वेळेपासून आपल्या घरात ते कधी चुकलं नाही. तुमचा हात मला ठाऊक आहे. चहाची पत्ती पांढरी पडेपर्यंत उकळणाऱ्या तुम्ही. मला शंका येते आहे ती मी लिहिणार नाही, तुम्हीच लिहा. आणि एकदा त्या बाकावर भाऊजींच्या शेजारी तुम्हीही बसा.

नवीन वर्षाच्या सणाला यायला जमणार नाही. सणाला पाळी केली तर पुढे रजा जोडून मिळते, म्हणून नाव देऊन टाकलं. मडकं अजून सापडलेलं नाही.

तुमची,
चियाओयुन

•

शीताओ, २० फेब्रुवारी १९८७

प्रिय चियाओयुन,

हे पत्र मी पडल्या पडल्या लिहिते आहे, अक्षर वाकडं आलं तर समजून घे. घाबरू नकोस, आता उठून बसता येतं.

सणाच्या दिवसांत एका सकाळी नळावर तांदूळ धूत होते, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. टोपल्यासकट खाली बसले. तांदूळ गटारात गेले याचंच आधी वाईट वाटलं. कुणाला कळू नये म्हणून उठून घरात आले, पण छाती अशी धडधडत होती की यांनाही ती ऐकू जाईल असं वाटलं.

दुपारी औयांग वैद्य दारात हजर. मी पडल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "हे आत झोपलेत, उठवते." ते म्हणाले, "देशुनला झोपू दे. मी तुझ्याकडे आलोय. चोथा कुठे टाकतेस?"

"वाफ्यात. कोबीला."

"तेच पाहून आलो. मी रोज चव्हाट्यावरून जातो, कोण नीट उकळतंय नि कोण घाईने उतरवतंय ते मला तिथेच समजतं. तुम्हा थांगांचा चोथा उन्हाळ्यापासून दिसला नाही. लोक म्हणाले देशुन बरा झाला, पण तो तर दर आठवड्याला माझ्यासमोर बसतो. म्हणून तुझ्या वाफ्यात काठी घातली. नुसत्या लाकडाच्या ढलप्या गं. दोन पाण्यांत मुळी इतकी पांढरी पडत नाही. तिसरं पाणी कोण पितं?"

आता लपवून काय करणार होते. आपल्यात कुणी औषध वाया घालवतं का? मागच्या उन्हाळ्यात मलाही फार थकवा आला होता, पाय जड झाले होते. वाटलं, दुखणं तेच, घर तेच, चूल तीच. यांची दोन पाणी झाली की मडक्यात आणखी पाणी घालायचं, आणि जे उतरेल ते आपण प्यायचं. बाकावर बसायला नको, वेगळ्या पुड्या नकोत. सुरुवातीला तरतरी आल्यासारखंही वाटलं होतं. यांना कळू नये म्हणून ते वेगळं उकळायला तुझ्याकडचं मडकं मागितलं.

वैद्यांनी माझा हात ओढून घेतला. बोटं ठेवली आणि बराच वेळ उचललीच नाहीत. मग म्हणाले, "ते मी एका गारठलेल्या माणसासाठी लिहिलंय. त्याच्या शरीरात विस्तव विझत आलाय, म्हणून मी फुंकर घालतोय. तुझ्या आत जाळ आहे, पाणी आटलंय, आणि तूही त्यालाच फुंकर घालत बसलीस. त्याचे कपडे घालशील का तू?"

मी म्हटलं, "घालते की. हा कोट यांचाच आहे."

ते हसले नाहीत. तेवढ्यात आतून आवाज आला. हे जागेच होते. म्हणाले, "माझं औषध चोरून पिते? तरीच मला गुण येत नाही." एवढी वर्षं संसार केल्यावर ही माझी कमाई.

वैद्यांनी माझी वेगळी चिठ्ठी लिहून दिली. शेवंतीची फुलं आहेत, गार करणाऱ्या मुळ्या आहेत, बाकीचं मला वाचता येत नाही. बजावून गेले की यांच्या मडक्यात उकळायचं नाही, त्या मातीत बचनाग मुरलाय. आणि जाताना उंबरठ्यावर थांबून म्हणाले, "हे असंच चाललं तर देशुनच्या आधी तू जाशील. मग त्याला कोण उकळून देणार?"

म्हणजे तुझी शंका खरी. झालं समाधान?

चिठ्ठी चहाच्या डब्यात ठेवली आहे, पुड्या अजून आणलेल्या नाहीत. नवं मडकं विकत आणणं म्हणजे दुखण्याला पाट मांडून जेवायला बसवणं, ते मी करणार नाही. शेजारी मागायला गेले तर गल्लीभर होईल. आपलं तुझ्याकडे आहे आणि ते न्यायला मला यांना टाकून येता येत नाही. तुला आता पाठवही म्हणवत नाही.

खरं सांगू का चियाओयुन, मडक्याचं निमित्त आहे. मडकं असतं तरी काय? यांचं पहिलं पाणी, दुसरं पाणी, मग माझं पहिलं, माझं दुसरं. यांचं मी उकळते. माझं कोण उकळणार? दुखणं सोसवतं, पण स्वतःच्या दुखण्याची चाकरी स्वतःच करायची म्हटलं की उठवत नाही. मी दमले गं. इतके दिवस हे कुणाजवळ बोलले नव्हते.

तुझी,
चुनहे

•

नानचांग, ८ मार्च १९८७

ती. जाऊबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र गिरणीच्या फाटकात उभ्या उभ्या वाचलं. आज बायकांचा दिवस म्हणून आम्हाला अर्धी सुट्टी आणि एकेक टॉवेल मिळाला. टॉवेल तिथेच भिजला.

मडकं हरवलेलं नाही. पहिल्या दिवसापासून मला ठाऊक आहे ते कुठे आहे. कपाटावर, देआनच्या बनियनमध्ये गुंडाळून, मागच्या बाजूला. मी खाटेवर उताणी पडले की मला ते दिसतं.

तुम्हाला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. औयांग वैद्यांच्या शेवटच्या चिठ्ठीचा काढा मी उतरवून गार करत ठेवला होता. वाटीत ओतून आणला तेव्हा देआनला शुद्ध नव्हती, आणि पुढे ती आलीच नाही. सगळं झाल्यावर घरी आले. काढा मोरीत ओतला. चोथा ओतवला नाही. तो मडक्यातच वाळला आणि अजून तिथेच आहे. इथे रस्त्यावर टाकला असता तर सकाळी झाडूवालीने भरून नेला असता. आणि जाऊबाई, चोथा टाकतात ते दुखणं जावं म्हणून. माणूसच गेल्यावर आणखी काय जायचं राहिलं होतं? म्हणून मी ते मडकं झाकून ठेवलं. तुम्ही मागितलंत तेव्हा मी सापडत नाही म्हणाले, कारण द्यायचं तर आधी रिकामं करायला हवं होतं. मी तुम्हाला रीतभात शिकवत बसले ती एवढ्यासाठी. रीत खरी होती, पण मी तिच्या आडून बोलत होते.

आता ऐका. मी मडकं परत करणार नाही. तुम्हीच शिकवलंत, ते परत करायचं नसतं. ते माझ्याजवळच राहील. फक्त मी तिकडे राहायला येते आहे. छिंगमिंगच्या सणाला देआनच्या थडग्यावरचं गवत काढायला यायचंच आहे, त्याला जोडून महिनाभर रजा घेतली. सणाच्या पाळ्या केल्या होत्या, त्या उपयोगी पडल्या. पुढचं पुढे बघू. गिरणीत माझ्या छातीत सूत भरलंय, लवकर निवृत्ती मागितली तर नाही म्हणणार नाहीत.

तुमचं मी उकळीन. पहिलं पाणी नि दुसरं पाणी. तिसरं नाही.

पुड्या आणून ठेवा. मी येईपर्यंत शेजारून दुसरं मडकं आणा, गल्लीभर झालं तर होऊ दे.

तुमची,
चियाओयुन

•

शीताओ, १९ मार्च १९८७

प्रिय चियाओयुन,

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. देआनच्या मडक्यापर्यंत आले तेव्हा यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि 'पुढचं उद्या वाच' म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं तर म्हणाले, 'असू दे, कळलं.'

तू येऊ नकोस असं लिहायला मी बसले होते. मागची खोली ओलसर आहे. गिरणीची नोकरी म्हणजे हातातला घास, तो कुणी असा टाकतं का? शिवाय दोन जावा एका चुलीशी म्हणजे काय होतं ते तुला आठवत असेल. मिरच्या किती घालायच्या यावरून आपण दोघी एका हिवाळ्यात बोललो नव्हतो. हे सगळं लिहून काढलं, वाचलं आणि फाडलं. लांबच लांब पत्र होतं, आणि त्यात एकही कारण मला स्वतःला पटत नव्हतं.

पुड्या आणल्या. मडकं मागायला शेजारी गेले नाही. तेवढी लाज राहू दे. तिसरं पाणी बंद केलंय, यांच्या गळ्याची शपथ घेऊ का? नाही घेत, ते म्हणतील आता जीवही चोरते.

बिछान्याला ऊन दाखवलं आहे. ये.

चुनहे

•

शीताओ, ३ मे १९८७

प्रिय चियाओयुन,

नानचांगला नीट पोहोचलीस ना? निवृत्तीच्या कागदांवर शिक्के मिळाले की नाही ते कळव. खोली रिकामी करताना ते मोठं कपाट ओढत आणू नकोस, इथे ठेवायला जागा नाही.

तू गेल्यावर माझा काढा उकळायचं काम यांनी अंगावर घेतलं. मी नको म्हटलं, पण स्टूल ओढून बसले शेगडीपुढे, हातात पंखा घेऊन. म्हणाले, "एवढी वर्षं पितोय, मला कळत नाही होय कसं करतात ते?" पहिल्याच दिवशी करपवला. दुसऱ्या दिवशी उतू घालवला. मी तो करपलेला काढा यांच्यासमोर बसून प्यायले, एक थेंब ठेवला नाही. आता मला कळलं हे माझ्याकडे तसं का बघायचे. पण धग लागून यांच्या पायांना बरं वाटतंय म्हणे. वैद्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "हे मला चिठ्ठीत लिहायला सुचलं नव्हतं."

माझं नाक आता कोरडं आहे. झोप अजून तुटक येते, पण येते. थकवा आहेच. तो एका मडक्याने जाणारा नाही, हे वैद्यही कबूल करतात.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. तू आलीस त्याच दिवशी मडकं घासून शेगडीवर चढवलंस. आतलं काय केलंस ते मी विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस. तुझी बस गेल्यावर मी यांचा नि माझा चोथा टाकायला चव्हाट्यावर गेले, तर तिथे आधीच एक लहानसा ढीग होता. काळा, वाळून कोळसा झालेला. शेजारी आपल्या घरातल्या पुडीचा कागद दगडाखाली दाबलेला, तू त्यात गुंडाळून नेला असशील. मला समजलं. मी त्याच्या शेजारी यांचा टाकला, पलीकडे माझा टाकला, आणि उभी राहिले.

के काकू भाजी घेऊन येत होत्या. "अगंबाई, तीन ढीग? थांगांकडे तिसरं कोण आजारी पडलं?" तेवढ्यात औयांग वैद्य आले. रोजच्यासारखे थांबले. यांच्या ढिगाकडे पाहिलं, मान हलवली. माझ्या ढिगाकडे पाहिलं, म्हणाले, "करपवलंय." मग त्या तिसऱ्यापाशी काठी टेकवून खाली बसले. या वयात त्यांना तसं बसणं जड जातं. बोटाने एकेक तुकडा बाजूला केला. सुकून दगड झालेलं एक लाल बोर उचलून तळहातावर घेतलं.

"हा देआन आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, "होय."

"बोरांची त्या चिठ्ठीत गरज नव्हती. लहानपणापासून कडू म्हटलं की तोंड फिरवायचा, म्हणून त्याच्यापुरती घालायचो मी. दुसऱ्या कुणाच्या चिठ्ठीत या औषधांबरोबर बोरं नाहीत." मग बोर जागच्या जागी ठेवलं. "प्यायला नाही का हा?"

"नाही. वेळ मिळाला नाही."

ते काठीवर जोर देऊन उठले. आपला कापडी बूट त्या ढिगावर ठेवला, मग दुसरा ठेवला, आणि सावकाश तुडवत पलीकडे उतरून बाजाराच्या रस्त्याला लागले. के काकूंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, भाजीची टोपली सावरली, आणि त्याही त्याच्यावरूनच गेल्या. एरवी चोथा दिसला की त्या पायजमा वर धरून वळसा घालतात.

घरी येऊन मी यांना सांगितलं. हे शेगडीपुढून उठले. सपाता घातल्या, भिंत धरली, दार धरलं, आणि मी हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे." कधीपासून हे एकटे चव्हाट्यापर्यंत गेले नव्हते. मी दारातूनच बघत होते. तिथे पोहोचले, सुजलेला पाय उचलून त्याच्यावर ठेवला. भावाच्या दुखण्यावर. परत आल्यावर स्टुलावर बसले, पंखा हातात घेतला, आणि मला म्हणाले, "काढा उतू जाईल, सरक."

संध्याकाळपर्यंत तिथे काही उरलं नव्हतं. गाड्या गेल्या, शाळेतली पोरं गेली.

वैद्यांनी आज माझी नाडी पुन्हा पाहिली आणि चिठ्ठी बदलली. मी कुरकुर केली नाही. नव्या पुड्या चहाच्या डब्याशेजारी ठेवल्या आहेत. आजचाही यांनी करपवला. लवकर ये.

तुझी,
चुनहे